कावसजीचे नासासंधान

कावसजीचे नासासंधान : कापलेले नाक कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवण्याची, पुण्याजवळ १७९३ च्या सुमारास झालेली शस्त्रक्रिया. तिचे सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एका पत्रातून आले. युरोपात आधुनिक सुघटन शल्यक्रियेचा आरंभ या वर्णनापासून धरतात.

पार्श्वभूमी तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धाची (१७९०-९२). इंग्रज, पेशवे आणि निजाम एका बाजूला, टिपू सुलतान दुसऱ्या बाजूला. त्या काळचे सैन्य बैलांच्या पाठीवर चालत असे. धान्य, दारूगोळा, तोफा सगळे बैलांवर. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचूनही लॉर्ड कॉर्नवॉलिसला जड तोफा फोडून माघारी फिरावे लागले, कारण ओढणारे बैल मेले होते. परतताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या आणि मराठ्यांच्या बाजारामुळे उपाशी इंग्रज शिपायांच्या तोंडी अन्न पडले. अशा युद्धात बैल हाकणारा माणूस हा शिपायाइतकाच मोलाचा शत्रू ठरतो. त्याला ठार न मारता नाक-हात कापून परत पाठवले की त्याला पाहणारे दहा जण कामाला यायला धजत नाहीत. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी असाच टिपूच्या हाती सापडला. नाव पारशी वळणाचे वाटते, पण मासिकातील पत्रात तो शेतकरी जातीतला मराठा असल्याचे म्हटले आहे. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या इंग्रज सैन्यात आला आणि नंतर कंपनीकडून त्याला पेन्शन मिळू लागले. वर्षाहून अधिक काळ तो नाकाशिवाय वावरला.

नाक कापणे ही केवळ युद्धातली क्रूरता नव्हती. व्यभिचार, चोरी, फितुरी यांना हिंदुस्थानात अनेक ठिकाणी हीच शिक्षा होती, आणि ती देणारे सर्व धर्मांचे, सर्व दरबारांचे लोक होते. म्हणूनच नाक बसवणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या काम मिळत राहिले आणि त्यांच्या हाताला सफाई आली.

कृती पत्रात बारकाईने दिली आहे आणि ती मुळातून समजून घेण्याजोगी आहे. प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून हव्या त्या नाकाचा आकार द्यायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोलून काढायची, मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टा तसाच जोडलेला ठेवायचा. सारी करामत या पट्ट्यात आहे. भुवयांच्या आतल्या कोपऱ्यातून कपाळावर चढणारी धमनी या देठातून नव्या नाकाला रक्त पुरवत राहते. देठ तुटला तर नाक काळे पडून गळेल. त्यानंतर बुंध्यावरचा जुना व्रण तासून ताजा करायचा, नाकपुड्यांच्या जागेभोवती आणि वरच्या ओठाच्या बाजूने खाच पाडायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची.

टाका एकही नाही. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवत. कातातील तुरटपणा रक्तस्राव आवरतो आणि वाळल्यावर पट्ट्या जागच्या जागी घट्ट धरून राहतात. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेली फडकी लावायची. पाच-सहा दिवस रोग्याने उताणेच पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, भोवतालच्या मांसातून नव्या रक्तवाहिन्या धरल्या की, तो देठ कापायचा आणि नाक थोडे घडवून नीट करायचे. आजचे सुघटन शल्यविशारद हाच देठ साधारण तीन आठवड्यांनी कापतात. ईथरची भूल १८४६ ची आणि लिस्टरचे जंतुनाशन १८६७ चे, हे ध्यानात घेतले तर या कृतीची पारख नीट होते.

मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोघा इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. पुणे दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटनेही या प्रकरणात रस घेतला होता. कावसजीचे चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने काढले. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची प्रसिद्ध चित्रे काढणारा वेल्स तो हाच. शनिवारवाड्यात चित्रशाळा चालवून गंगाराम तांबट यांच्यासारखा शिष्य तयार करण्याचे श्रेयही त्याचे. विल्यम नटरने ते चित्र कोरून १७९५ मध्ये छापले. मासिकातील पत्राखाली फक्त ‘बी. एल.’ ही आद्याक्षरे आहेत.

शस्त्रक्रिया करणाऱ्याबद्दल पत्र सांगते ते इतकेच : पुण्याजवळचा, विटा पाडणाऱ्या जातीतला एक माणूस. म्हणजे बहुधा कुंभार. रोग्याचे, साक्षीदारांचे, चित्रकाराचे, कोरक्याचे नाव राहिले. ज्याच्या हाताने नाक उभे राहिले त्याचे विचारावे असे कोणाला वाटले नाही. दोष एकट्या साहेबांचा नाही. पेशवाईतील कागद रुमालांच्या रुमाल भरून आहेत, पण त्यांतून वर आलेली नावे सरदारांची, सावकारांची आणि शास्त्र्यांची आहेत.

सुश्रुतापासून ही परंपरा अखंड चालत आली, असे सरसकट लिहिले जाते. ते जपून घ्यावे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नासासंधान आहे, झाडाच्या पानाने माप घेणेही आहे, पण तेथे कातडी गालाची घेतली आहे, कपाळाची नाही. पुण्याच्या कुंभाराची रीत त्याच कुळातली असेल, पण ती ग्रंथातून उतरलेली नसून हातातून हातात आलेली दिसते. हिमाचलातील कांगडा येथेही नाके बसवणारी घराणी होती. युरोपात गॅस्पारे टाग्लियाकोझी याने १५९७ मध्ये दंडाची कातडी वापरण्याची पद्धत छापली होती, पण तीत हात आठवडेच्या आठवडे चेहऱ्याला बांधून ठेवावा लागे आणि ती मागे पडली होती.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने पुण्याचे वर्णन वाचून प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. त्याचे नाक पाऱ्याच्या औषधाने गेले होते. दुसऱ्या रोग्याचे लढाईत कापले गेले होते. १८१६ मध्ये कार्प्यूने दोन्ही शस्त्रक्रियांवर पुस्तक काढले आणि पद्धत हिंदुस्थानची असल्याचे त्यात मोकळेपणाने सांगितले. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फोन ग्रेफेचे याच विषयावरचे पुस्तक आले. त्याच वर्षी पेशवाई बुडाली. ‘भारतीय पद्धत’ हे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत आजही चालते, त्यामुळे विद्या चोरली असा आरोप टिकत नाही. हरवले ते कारागिराचे नाव. हिंदुस्थानातही काम थांबले नव्हते : जुनागढ संस्थानचे त्रिभोवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ मध्ये शंभर नासासंधानांची हकीकत प्रसिद्ध केली आणि इंदूरच्या रेसिडेन्सीतील डॉ. कीगन यांचे पुस्तक १९०० मध्ये निघाले.

वेल्सच्या चित्रावरून केलेल्या छापाची प्रत लंडनच्या वेलकम संग्रहात आहे. मासिकातील चित्रपानावर कावसजीच्या चेहऱ्याबरोबर मेणाच्या पट्टीची आकृतीही दाखवली आहे. वेल्सच्या छापाची डिजिटल प्रत वेलकमच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. पुणे जिल्ह्यातच बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि शरीररचना व विकृतिशास्त्र यांची संग्रहालये प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला ठेवावीच लागतात. बाटल्यांतल्या नमुन्यांशेजारी या चित्राची एक मोठी प्रत आणि खाली मराठीत मेण, कात, तुपाची सगळी कृती लावायला खर्च फारसा येणार नाही. बारामती-इंदापूरकडच्या विद्यार्थ्यांना आपल्याच जिल्ह्यात झालेले हे काम पाहण्यासाठी लंडनच्या संकेतस्थळाकडे वळावे लागू नये. महाविद्यालयाने एवढे करावे.