कळांमध्ये घेतलेली सही

नसबंदी म्हटलं की आपल्या घरातल्या मोठ्यांना आणीबाणी आठवते. आजची गोष्ट साधारण त्याच काळातली, पण अमेरिकेतली. लॉस एंजेलिसच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलातली.

तिथं बाळंतपणाला येणाऱ्या कितीतरी बायका मेक्सिकोतून आलेल्या, गरीब, फक्त स्पॅनिश बोलणाऱ्या. १९७० च्या आसपास लोकसंख्येच्या स्फोटाची भीती जोरात होती, आणि गरिबांच्या कुटुंबनियोजनासाठी सरकारी पैसाही येऊ लागला होता. मग व्हायचं काय, तर बाई कळांनी तळमळतेय, सिझेरियनची घाई चाललीय आणि कुणीतरी इंग्रजी फॉर्म पुढे करतंय. काहींना सांगितलं, आधी सही, मग दुखणं थांबवायचं इंजेक्शन. काहींना वाटलं, नळ्या नुसत्या 'बांधल्या' आहेत, पुढे सोडता येतील. काहींना तर आपलं ऑपरेशन झालंय हेच खूप नंतर कळलं.

बर्नार्ड रोझनफेल्ड या तिथल्याच तरुण डॉक्टरनं कागदपत्रं बाहेर आणली. अँटोनिया हर्नांडेझ ही नवी वकील, स्वतः मेक्सिकोत जन्मलेली. तिनं या बायकांना शोधून काढलं. १९७५ मध्ये दहा जणी कोर्टात गेल्या. खटल्याचं नाव मॅड्रिगल विरुद्ध क्विलिगन.

१९७८ मध्ये त्या हरल्या. न्यायाधीश जेसी कर्टिस यांच्या मते डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, डॉक्टर आणि पेशंटमधला संवाद तुटला होता. म्हणजे आपल्या भाषेत, कम्युनिकेशन गॅप! मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. मूल होणं या बायकांच्या समाजात किती मोलाचं आहे, हे सांगायला एक मानववंशशास्त्रज्ञ साक्षीला आले होते. कर्टिस यांनी तीच साक्ष उलटवली. यांचं दुःख एवढं मोठं आहे ते यांच्या संस्कृतीमुळे, आणि डॉक्टरांना ते कसं कळणार, असा त्यांचा सूर होता.

पण हा लढा वाया गेला नाही. हॉस्पिटलात स्पॅनिश फॉर्म आले. १९७८ मध्येच अमेरिकी सरकारनं सरकारी खर्चानं होणाऱ्या नसबंदीचे नियम कडक केले. सही आणि ऑपरेशन यांच्यात साधारणपणे ३० दिवस हवेत, भाषा कळत नसेल तर दुभाषी हवा, आणि कळा चालू असताना घेतलेली संमती चालणार नाही.

लॉस एंजेलिस काउंटीनं माफी मागितली ती थेट २०१८ मध्ये. निकालाला तेव्हा ४० वर्षं झाली होती.

कागदावर सही होती, हे खरंच. पण ती कुठल्या भाषेत समजावून घेतली आणि कुठल्या क्षणी, हे त्या दहा जणींनी विचारलं, आणि आज ते नियमात लिहिलेलं आहे.