पांढरीचा पत्ता

उजाड झालेल्या जुन्या वस्तीच्या जागेला मराठीत ‘पांढर’ असा नेमका शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, हाडे आणि पडलेल्या भिंतींची माती एकत्र मुरून जमीन पांढुरकी होते व काळ्या रानात उठून दिसते. पुरातत्त्वज्ञांना महाराष्ट्रातील अनेक प्राचीन वसाहती अशाच पांढरीत सापडल्या. आज त्यांचा पत्ता संगणकावरील नकाशात एका ठिपक्याने सांगितला जातो. हा ठिपका कोणत्या आधारावर ठेवला गेला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उदाहरण घेऊ. येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या या कामातून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे उजेडात आली. स्थळ एक असले तरी टेकाडे पाच आहेत. गावाच्या नावावरून ठिपका ठेवला, तर तो आजच्या गावठाणात पडतो. आणि एखाद्या टेकाडावर नेमका ठेवला, तरी उरलेली चार त्याच्या बाहेरच राहतात. स्थळाला विस्तार असतो, ठिपक्याला तो नसतो.

जुन्या नोंदींतून अक्षांश-रेखांश उचलण्यातही धोका आहे. कित्येक अहवालांत ते अंश व कला एवढेच दिलेले असतात. अक्षांशाची एक कला म्हणजे जमिनीवरचे सुमारे १.८५ किलोमीटर. शिवाय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर बेतलेले होते, तर उपग्रहाधारित यंत्रे वेगळे मान वापरतात. रूपांतर न करता जुने आकडे तसेच वापरले, तर पुण्याच्या परिसरात जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते. सर्व्हे नंबरांवरही विसंबता येत नाही, कारण १९४७ च्या कायद्यान्वये जमिनींचे एकत्रीकरण जेथे झाले, तेथे त्यांचे गट क्रमांक झाले.

शंभर मीटर हा आकडा किरकोळ नव्हे. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. पाताळेश्वराचे लेणे अखंड खडकात कोरलेले असल्याने जंगली महाराज रस्त्यावर ते कोणालाही दाखवता येते. परंतु जमिनीबरोबर सपाट होत चाललेल्या अवशेषाची हद्द कागदावरच ठरते. तिथे चूक झाली, तर मनाईचे सगळे क्षेत्र त्या चुकीतच गिळले जाते.

पत्ता हरवला म्हणजे काय होते, याचे उदाहरण खुद्द पुण्यात आहे. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात देशातील ९२ संरक्षित स्मारके जागेवर आढळली नसल्याचे नमूद झाले. पुढे शोध घेऊनही न सापडलेल्या स्मारकांच्या सरकारी यादीत पुण्याचे एक जुने युरोपीय थडगे होते. संरक्षणाची अधिसूचना होती, यादीत नाव होते; जागा तेवढी सांगता येत नव्हती.

अर्थात नेमका पत्ता जाहीर करण्यातही जोखीम आहे. असंरक्षित टेकाडाचा ठिपका नाणी-मूर्ती शोधणाऱ्यांनाही वाट दाखवतो. म्हणून सर्वांसाठी गाव व शिवार एवढेच द्यावे आणि तपशीलवार नोंद अभ्यासक व शासन यांच्याकडे असावी, ही तडजोड समंजस वाटते. मात्र त्या नोंदीत स्थळाची हद्द आखलेली असावी. जागा कोणी, केव्हा, कशाच्या आधारे निश्चित केली आणि तीत किती मीटरांचा संशय आहे, हेही लिहिलेले असावे. शिलालेखाचे वाचन देताना संशयित अक्षरांवर खूण करण्याची शिस्त आपल्या अभ्यासकांनी पाळली आहे. तीच शिस्त नकाशाला लावायची आहे. शेत सपाट करणारे यंत्र एका दिवसात पांढर नाहीशी करू शकते. त्यानंतर तिथे वस्ती होती याचा पुरावा म्हणून ती नोंदच काय ती उरेल.