विणकरांचा माळा

लंडनच्या ब्रिक लेनला लागून फोर्निए स्ट्रीट नावाची गल्ली आहे. तिथं १७२०च्या दशकातली विटांची उंच, अरुंद घरं आहेत. डागडुजी केलेलं एखादं विकायला निघालं, की किंमत लाखो पौंडांत जाते. माळ्यावरच्या रुंद खिडक्यांना तर फार मान!

मंडळी, या खिडक्या शोभेच्या नव्हत्या. १६८५ साली फ्रान्सच्या राजानं प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. तिथून पळालेले ह्यूगनॉट विणकर या भागात आले. रेशमाचा बारीक धागा दिसायला उजेड हवा, म्हणून माग माळ्यावर. आमच्या मालेगाव-भिवंडीच्या मोमिनांना हे वेगळं सांगायला नको. १८६०मध्ये फ्रेंच रेशमावरची जकात उठली आणि आधीच थकलेला धंदा बसला. मग रशियातून ज्यू शिंपी आले, पुढे सिल्हेटचे बंगाली. गल्लीच्या टोकाची इमारत १७४३मध्ये ह्यूगनॉटांचं चर्च होती, १८९८मध्ये सिनेगॉग झाली, १९७६पासून मशीद आहे. भिंतीवरचं १७४३चं सूर्यघड्याळ मात्र कुणी काढलं नाही.

१९७७मध्ये जवळच्या एल्डर स्ट्रीटवरची जुनी घरं पाडली जाणार होती. काही जण आत जाऊन बसले आणि घरं वाचली. चांगलंच झालं. पुढच्याच वर्षी अल्ताब अली या कापडकामगाराचा वंशद्वेषातून खून झाला. त्याच्या शवपेटीमागून हजारो बंगाली चालत गेले. त्यांचं मागणं इथं निर्धास्त राहू द्या, एवढंच होतं. विटा जपणारे पुष्कळ भेटले. पण घरांचे भाव असे चढले, की शिलाईवर जगलेल्या कुटुंबांच्या पोरांना आता आसपासही घर घेणं जड जातं.