शेजारचे लग्न आणि शारदा कायदा

शेजारच्या घरात काही अनिष्ट घडू पाहत आहे असा संशय आला म्हणजे सज्जन मनुष्याने काय करावे? डोळे मिटून स्वस्थ बसावे, त्या घरी जाऊन चार शब्द सांगावेत, की सरकारदरबारी वर्दी द्यावी? हा प्रश्न मी आज आपणांपुढे मांडीत आहे, तो पुस्तकातून उचललेला नाही. दोन वर्षांमागे माघ महिन्यात तो माझ्याच ओसरीवर येऊन बसला होता.

यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेपासून थोड्या अंतरावरील एका गावी मी राहतो. मास्तरकीत माझे आयुष्य तेथेच गेले. आमच्या भिंतीला भिंत लागून एका कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे घर आहे. एके दिवशी सायंकाळी आमच्या घरातून आवाज आला, "अहो, ऐकलं का? शेजारच्या पोरीचं साक्षगंध झालं म्हणे परवा, नदीपलीकडे." पत्रिका छापल्या नव्हत्या, आमंत्रणे तोंडी चालली होती. मुलगी नवव्या इयत्तेत होती. तिच्या वयाविषयी मला शंका असण्याचे कारण नव्हते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात तिची जन्मतारीख माझ्याच हाताने लिहिलेली होती. तिला पंधरावे वर्ष नुकतेच संपले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. जुनी पुस्तके चाळण्याची सवय असल्यामुळे मी मनाशी विचार करू लागलो की, हा पेच आपल्या आधी कोणाकोणाला पडला असेल आणि त्यांनी त्यातून वाट कशी काढली असेल? जे हाती लागले ते आज सांगतो.

प्रथम पुण्यास चलावे. जोतीराव फुले यांनी १८८४ साली सरकारास पाठविलेल्या टिपणात एका विधवेची हकीकत आहे. काशीबाई नावाची ही तरुण विधवा त्यांच्या एका स्नेह्याच्या घरी स्वयंपाकास होती. ती फसविली गेली, तिला मूल झाले आणि लोकलज्जेने तिने ते मारले. पुढे सरकारी चक्र फिरले व तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या प्रकरणात कायदा आला खरा, पण केव्हा आला? मूल मेल्यावर. त्याआधीचे कित्येक महिने तिची अवस्था आसपासच्या कोणाच्याच नजरेस आली नसेल, हे मला खरे वाटत नाही. तथापि जाणणाऱ्याने जावे कोठे आणि त्या बाईने तरी जावे कोठे? तसे दारच नव्हते. ते दार फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या घरी उघडले. येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्या अथवा ठेवा, अशा अर्थाच्या जाहिराती त्यांनी लावल्या. १८८४ पर्यंत ३५ विधवा तेथे आल्या. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला.

या हकीकतीतून मी एक गोष्ट गाठीस बांधली. वर्दी देणे हे अर्धेच काम आहे. जिच्यासाठी ती द्यावयाची, तिला उभे राहण्यास जागा असणे हे दुसरे अर्धे काम होय.

दुसरा प्रसंग १८९१ सालचा. तोपर्यंत दंडसंहितेप्रमाणे मुलीच्या संमतीचे वय दहा होते, आणि विवाहित मुलीसही हेच वय लागू असे. ते बारा करण्याचा कायदा त्या वर्षी झाला. त्यावर महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे आपण जाणताच. लोकमान्य टिळकांचा मुख्य आक्षेप असा की, आमच्या सामाजिक चालीरीतींत परक्या सरकारने हात घालू नये. सुधारणा करावयाची ती समाजाने करावी. सामान्य गृहस्थाच्या मनात मात्र याहून साधी भीती होती. कोणी तरी वैरी शेजारी पोलिसांचे कान फुंकील आणि शिपाई माजघरात शिरेल! ही भीती सरकारनेही अगदी पोकळ मानली नाही. पतीविरुद्धच्या अशा खटल्यांची दखल इलाखा शहरात मुख्य मॅजिस्ट्रेटाने व इतरत्र जिल्हा मॅजिस्ट्रेटानेच घ्यावी, आणि पोलीस चौकशी करावयाची तर ती इन्स्पेक्टरच्या खालच्या अंमलदाराने करू नये, असे बंधन घालण्यात आले. शेजाऱ्याच्या जिभेविषयीचा हा संशय ध्यानात ठेवावा, कारण पुढील इतिहासात तो वारंवार भेटतो.

१८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची ती कथा. त्यातील कोदंड हा तरुण लग्न मोडतो, पण कोणत्या आधारावर? वर आणि वधू सगोत्र आहेत या आधारावर. मुलगी अजाण आहे, वर पिकले पान आहे, ही कारणे सर्वांना दिसत असूनही लग्न थांबविण्यास पुरत नव्हती. विवाहाच्या वयाचा कायदाच नव्हता, म्हणून परक्याच्या मांडवात शिरणाऱ्यास गोत्राचा आश्रय करावा लागला.

असा कायदा झाला, त्यात आमच्या वऱ्हाडचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट आज फारशी कोणास स्मरत नाही. १९२५ साली पत्नीच्या संमतीचे वय तेरा झाले होते. हा कायदा कितपत पाळला जातो हे पाहण्यासाठी सरकारने १९२८ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते अमरावतीचे विख्यात वकील सर मोरोपंत विश्वनाथ जोशी. रामेश्वरी नेहरू तिच्या सदस्या होत्या. समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि १९२९ साली अहवाल दिला. निष्कर्ष असा की, विवाहित मुलींपुरता संमतिवयाचा कायदा जवळजवळ निरुपयोगी आहे. तो बहुतेकांस ठाऊक नाही, आणि ठाऊक असला तरी चार भिंतींआडचा गुन्हा उजेडात येत नाही. यास्तव लग्नाचेच किमान वय ठरवावे, आणि विवाहांची नोंद ठेवावी, अशी तिची शिफारस होती. माझ्या मते या शिफारशीत मोठा व्यवहार आहे. शयनगृहात काय घडते ते शेजाऱ्यास दिसत नाही, दिसूही नये. लग्न मात्र वाजतगाजत होते. मांडव पडतो, पाहुणे येतात, पंगती उठतात. ते सर्वांस दिसते.

हरबिलास सारडा यांचे विधेयक त्याच वर्षी संमत झाले आणि १ एप्रिल १९३० पासून कायदा अंमलात आला. सारडा या आडनावाचे आम्ही मराठी लोकांनी 'शारदा' करून टाकले. देवलांची नायिका मनात घर करून बसली होती, त्याचाच हा परिणाम असावा. मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा. मोडणारास एक महिन्यापर्यंत साधी कैद, अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

आता यातील मर्म पाहा. पोलिसांनी आपण होऊन हात घालावयाचा नव्हता. कोणी तरी फिर्याद करावी, तीही लग्नानंतर एक वर्षाच्या आत. तेव्हाच न्यायासन दखल घेई. हे 'कोणी तरी' म्हणजे कोण? आईबाप करणार नाहीत, ते तर आरोपी. मुलगी करणार नाही. उरला शेजारी. त्या शेजाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंतचा मुचलका लिहून घ्यावा, म्हणजे फिर्याद खोटी ठरल्यास नुकसानभरपाईची तजवीज राहील, असे कलम होते. १९३० साली शंभर रुपये ही लहानसहान रक्कम नव्हे. पदरचे पैसे जोखमीस घालून, जन्माचे वैर पत्करून, झालेल्या लग्नाबद्दल फिर्याद कोण करणार? आणि करूनही लग्न मोडत नव्हते. शिक्षा झाली तरी संसार कायमच. फिर्यादी फार थोड्या झाल्या यात नवल नाही.

लोकांनी वाटाही शोधल्या. कायदा अंमलात येण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत लहान मुलांची लग्ने झपाट्याने उरकण्यात आली. १९३१ च्या खानेसुमारीत अल्पवयीन विवाहितांचा आकडा वाढलेला दिसला, त्याचे हे एक प्रमुख कारण. कोणी ब्रिटिश हद्द ओलांडून संस्थानात जाऊन अक्षता टाकीत. पुढे १९३८ च्या दुरुस्त्यांनी ही पळवाट बुजविण्यात आली, मुचलक्याची सक्ती सैल करण्यात आली, आणि लग्न लागण्याआधीच मनाई हुकूम काढण्याचा अधिकार न्यायासनास मिळाला. १९४९ साली मुलीचे वय पंधरा झाले. १९७८ साली ते अठरा व मुलाचे एकवीस झाले, आणि पोलिसांस तपास करता येऊ लागला. वॉरंटाशिवाय अटक मात्र नाही. अखेर २००६ साली जुना कायदा जाऊन नवा बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला व १ नोव्हेंबर २००७ पासून लागू झाला. आता गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड. स्त्रीला मात्र कैद नाही. मनाई हुकूम मोडून लावलेले लग्न मुळातच रद्द. आणि वर्दी? ती कोणीही द्यावी. गावात ग्रामसेवक, ज्यास हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हाच प्रतिबंधक अधिकारी. १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी चालतो, आणि सांगणाराचे नाव उघड केले जात नाही.

म्हणजे १९३० साली कायद्याने शेजाऱ्यास फिर्यादी बनविले होते, आज तो केवळ निरोप्या आहे. शंभर रुपयांचा मुचलका गेला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांपूर्वीच झालेली होती. इतकी लग्ने काही अंधारात लागली नाहीत. कोणी तरी मांडवाच्या दोऱ्या बांधल्या, कोणी तरी पंगतीत जेवले.

मीही जेवलो आहे. अठ्ठावीस वर्षांमागे माझ्या वर्गातील एका मुलीच्या लग्नात मी आहेर घेऊन गेलो होतो. वय मला ठाऊक होते, कायदाही ठाऊक होता. दुसऱ्याच्या घरची गोष्ट, असे म्हणून मी गप्प बसलो. दोन वर्षांनी ती एस. टी. स्थानकावर दिसली, कडेवर मूल होते. एरवी दुरून 'गुरुजी' म्हणून हाक मारणारी ती मुलगी पदर पुढे ओढून दुसरीकडे पाहत राहिली. श्रोतेहो, त्या दिवशी मला कळून चुकले की, गप्प बसणे हाही एक निर्णयच असतो.

या वेळी मी प्रथम शेजाऱ्याकडे गेलो. तो दुष्ट मनुष्य नाही. तो म्हणाला, "गुरुजी, हुंडा नाही मांगत ते लोक. कापसानं यंदा काई ठेवलं नाही. असं ठिकाण मंग कवा भेटन?" त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता, धास्ती होती. मी कायदा सांगितला, अकरावीपर्यंत शिकविण्याचा शब्द दिला. त्याने मान हलविली. चौथ्या दिवशी कळले की तिथी अलीकडे ओढली असून लग्न नदीपलीकडे लागणार आहे. मला १९३० सालची घाई आठवली. पैनगंगेचा दक्षिण काठ त्या काळी निजामाच्या राज्यात होता. आज दोन्ही काठांस एकच कायदा आहे, पण हद्द ओलांडण्याची बुद्धी तशीच राहिली आहे. नुसती समज देणे म्हणजे कधी कधी सावध करणेच ठरते, हे मला उशिरा उमगले.

त्याच दिवशी मी १०९८ वर सांगितले आणि ग्रामसेवकासही भेटलो. दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. मुलीस बालकल्याण समितीपुढे नेण्यात आले, आईबापांनी अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत लग्न न करण्याचे हमीपत्र लिहून दिले. कोणास बेड्या पडल्या नाहीत. नाव गुप्त असले तरी लहान गावात गुप्त काय राहते? शेजाऱ्याने माझ्याशी बोलणे टाकले. आमच्या घरची शिडी तो हक्काने नेत असे, ती वर्षभर भिंतीलाच टेकून राहिली.

आता फुल्यांचा धडा उरला होता. वर्दी देऊन मी मोकळा झालो असतो, तर ती मुलगी बापाच्या कर्जात आणि लोकांच्या बोलण्यात अडकून पडली असती. माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी व मी धावपळ करून तिचा मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज भरला, पुस्तकांची सोय केली. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी ती पेढा घेऊन ओसरीवर आली. तो आईने पाठविला की बापाने, हे मी विचारले नाही.

आपणांपैकी पुष्कळ जण शहरात राहतात. तेथे भिंती जाड असतात आणि शेजारधर्म पातळ. तरी भिंतीपलीकडचे काही ना काही ऐकू येतेच. ते ऐकून कोणी घाईने बोभाटा करावा, असे मी म्हणत नाही. खोट्या वर्दीने घरे उद्ध्वस्त होतात आणि १८९१ सालची भीती अगदीच निराधार नव्हती. स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. मला जे ठाऊक आहे, ते नक्की आहे की ऐकीव? मी थांबलो तर जे होईल, ते नंतर भरून येणारे आहे काय? आणि वर्दी दिल्यावर मी निघून जाणार, की त्या लेकरासाठी काही काळ उभा राहणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नक्की' आणि दुसऱ्याचे 'नाही' असे आले, तर उशीर करू नये. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

त्या रजिस्टरात जन्मतारीख लिहिताना मी नुसती एक नोंद करीत आहे असे मला वाटले होते. पुढे तीच नोंद माझ्याकडे जाब मागत आली, आणि या वेळी तरी मला तो देता आला.