पोर्टिंग-पॉलिशिंग शिकायचंय? आधी भंगारातलं हेड आणा

इंजिनचं हेड खोलून आतल्या वाटा घासून मोकळ्या केल्या की गाडीचा पिकअप वाढतो, असं गॅरेजवर नेहमी ऐकू येतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून अनेक पोरं ग्राइंडर हातात घेतात. हे काम खोटं नाही आणि घरी शिकताही येतं. पण एकदा काढलेला धातू परत बसत नाही. घरात एकच गाडी असेल, तर हात घसरल्यावर नवीन हेडचा खर्च अंगावर येतो.

नेमकं काय करतात?

हवा-पेट्रोल आत येतं ती वाट म्हणजे इनटेक पोर्ट, आणि धूर बाहेर जातो तो एक्झॉस्ट पोर्ट. हेड ओतीव असतं, म्हणून या वाटांत ओतकामाच्या रेषा आणि खडबडीतपणा राहतो. व्हॉल्व्ह सीटच्या लगेच खाली मशीनची धारही राहते. ती धार आणि रेषा मोडून वाट सलग करणं म्हणजे पोर्टिंग. खरा फायदा सीटखालच्या त्या बोटभर जागेत असतो, पण नवशिके नेमकं दिसणारं बाहेरचं तोंडच रुंद करत बसतात.

वाट जेवढी मोठी तेवढं बरं, हाही गैरसमज. पोर्ट फार रुंद झाला की हवेचा वेग पडतो आणि गाडी कमी आरपीएमला मरगळते. घाटात किंवा भरलेल्या गाडीत हे लगेच कळतं. पोर्ट जिथे व्हॉल्व्हकडे वळतो, तिथली आतली आखूड बाजू तर जवळपास सोडूनच द्यावी. शिवाय पोर्टच्या भिंतीपलीकडे पाण्याची वाट असते. भिंत फुटली की हेड बहुतेक भंगारातच जातं.

आरशासारखी चकाकी कशाला?

कार्बोरेटरच्या गाडीत इनटेक आरशासारखा चकचकीत केला, तर पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून वाहतात. तिथे ८० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक खरखर ठेवलेलीच चांगली. एक्झॉस्ट मात्र हवा तेवढा गुळगुळीत करा, काजळी कमी धरते.

डिझेल जीप-पिकअपवाल्यांनी या फंदात पडूच नये. बऱ्याच डिझेल हेडमध्ये हवेला भोवरा मिळावा म्हणून इनटेक मुद्दाम वळणदार केलेला असतो. तो सरळ केला की जळण बिघडतं आणि धूर वाढतो.

हात कशावर बसवावा?

जुन्या मारुती ८०० चं हेड शिकायला बरं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, हेड अॅल्युमिनियमचं, वजनाला हलकं. भंगारवाल्याकडून तडा गेलेलं हेड घेतलं तरी चालतं, त्यावर फक्त हात बसवायचा आहे.

साधा डिस्कवाला ग्राइंडर इथे कामाचा नाही. वेग कमी-जास्त करता येणारा डाय ग्राइंडर आणि लांब दांड्याचा कार्बाइड बर लागतो. अॅल्युमिनियमला मोठ्या दात्यांचा बर घ्यावा, बारीक दात्यांत धातू भरतो. मेणबत्तीचं मेण बरला लावत राहिलं की चिकटत नाही. चष्मा आणि मास्क हवाच, कण डोळ्यात उडतात.

गॅस्केट हेडवर ठेवून मार्करने कड आखा आणि त्याबाहेर जाऊ नका. एक पोर्ट पूर्ण करून दुसऱ्याला लागण्यापेक्षा सगळ्या पोर्टवर थोडं थोडं काम करा, कॅलिपरने माप जुळवत राहा. बर सीटला लागला तर लेथवाल्याकडून सीट कापून घ्यावी लागते, पेस्टने घासून ती जखम जात नाही.

जोडण्याआधी

इथेच घाई होते. पोर्टमध्ये राहिलेला कण सिलिंडरमध्ये गेला तर बोअरला ओरखडे पडतात. केरोसीनने, मग साबणाच्या गरम पाण्याने हेड धुवा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा प्रत्येक भोकातून मारा. व्हॉल्व्ह लॅपिंग करून झाल्यावर पुन्हा धुवा, कारण ती पेस्टही धारदारच. मग स्प्रिंगसह व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये केरोसीन ओता. चेंबरकडून ओल दिसली तर लॅपिंग परत करा.

जोडताना हेड गॅस्केट नवीच लावा आणि बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीच्या क्रमाने आवळा. रोजच्या वापरातल्या गाडीत एवढं करून फरक थोडाच जाणवतो. इंजिनमध्ये आधीच कॉम्प्रेशन कमी असेल तर तेवढाही नाही, म्हणून हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या.