एकाच क्षणाचे दोन साक्षीदार

चिखलीच्या एखाद्या गल्लीत मध्यरात्री भांडे पडल्याचा आवाज झाला, तर तो कोणत्या घरातला हे नुसत्या कानाला कळत नाही. पण त्याच क्षणी अमुक एका घरातून कोणी बाहेर पडताना दिसले, तर पुष्कळसा उलगडा होतो. अणूच्या गाभ्याचा, म्हणजे अणुगर्भाचा अभ्यास करणाऱ्यांनी हीच युक्ती योजली आहे. एक उपकरण बाहेर पडणारा कण टिपते, दुसरे गामा किरण टिपते. दोन्ही एकदम आले काय, हे पाहायचे.

या युक्तीचा जन्म एका मोठ्या वादातून झाला. क्ष-किरण इलेक्ट्रॉनावर आदळला म्हणजे इलेक्ट्रॉन उडतो आणि किरण थोडी ऊर्जा गमावून दुसरीकडे वळतो, हे कॉम्प्टन यांनी 1923 साली दाखवले. पुढच्याच वर्षी नील्स बोर, क्रेमर्स आणि स्लेटर यांनी मांडले, की ऊर्जेचा जमाखर्च प्रत्येक टकरीत जुळेलच असे नाही. तो पुष्कळ टकरींच्या सरासरीत जुळतो. आता बोर हे काही लहानसहान नाव नव्हे! ऊर्जा नाहीशी होत नाही, हा नियम आपण शाळेत मुलांकडून घोकून घेतो. तोच डळमळू लागला.

तेव्हा बर्लिनमध्ये वाल्टर बोथे आणि हान्स गायगर यांनी दोन काउंटर समोरासमोर ठेवले, एक इलेक्ट्रॉनासाठी व एक वळलेल्या किरणासाठी. दोघांची नोंद धावत्या फिल्मवर होई. फिल्म इतकी लागे, की वाळत घातलेल्या पट्ट्यांमुळे प्रयोगशाळा धोबीखान्यासारखी दिसे, असे बोथे यांनीच पुढे सांगितले. 1925 साली निकाल लागला: इलेक्ट्रॉन आणि किरण एकदमच येतात. नियम वाचला. बोथे यांना 1954 साली नोबेल पारितोषिक मिळाले; गायगर मात्र 1945 मध्येच वारले होते.

हीच रीत पुढे आपल्या मुंबईत आली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1988 साली पेलेट्रॉन हे 1 कोटी 40 लाख व्होल्टचे यंत्र उभे राहिले. त्यातून वेगाने सुटलेले अणुगर्भ पातळ पत्र्यावर आदळतात. दोन गर्भ क्षणभर एक होतात आणि तो तापलेला गोळा प्रोटॉन, न्यूट्रॉन, अल्फा कण फेकू लागतो. प्रत्येक वेळी निराळे कण सुटतात, म्हणून मागे उरणारे गर्भही निराळे. आणि सगळेच गामा किरण सोडतात. झाला की नाही गल्लीतला गोंगाट?

गामा किरणांसाठी द्रव नायट्रोजनने गार केलेले जर्मेनियमचे स्फटिक असतात. चार स्फटिकांचा एक जुडगा, आणि असे अनेक जुडगे भोवती. हा संच तमाशाच्या फडासारखा फिरता. मुंबई, दिल्ली, कोलकाता येथे तो आळीपाळीने मांडला गेला. त्याच्या पोटात, पत्र्याच्या अगदी जवळ, सीझियम आयोडाइडचे लहान स्फटिक बसवतात. प्रोटॉन आणि अल्फा यांनी उठवलेल्या स्पंदांचा आकार निराळा, त्यावरून कण ओळखतात. अल्फा सापडला, की उरलेल्या गर्भात दोन प्रोटॉन कमी. त्याच क्षणाचा गामा किरण मग त्याच घराण्याच्या खाती पडतो. न्यूट्रॉनाला विद्युतभार नाही, तो असा हाती लागत नाही. त्याच्यासाठी वेगळे डिटेक्टर मांडावे लागतात, किंवा गामा किरणांच्या ओळखीच्या ऊर्जांवरून हिशेब बसवावा लागतो.