नियमांची शाळा : हैदराबादचे रहीमसाहेब आणि सरावाचा खेळ

अकरा गडी एका रंगाचे सदरे घालून मैदानांत उतरले म्हणजे त्यांचा संघ झाला, असें आपण समजतों. परंतु खेळ सुरू होतांच सारेच चेंडूमागें धांवूं लागले, तर ती केवळ गर्दी होय. चेंडू आपल्या पायाशीं नसतांना कोठें उभें राहावें, सोबत्याच्या मदतीस किती जवळ जावें, प्रतिपक्ष चढून आला म्हणजे कोणती वाट आधीं बंद करावी, हें ज्यांना उमगतें त्यांनाच संघ म्हणावें. हें शहाणपण शिकवावें कसें? फळ्यावर खडूनें बाण काढून तें सांगतां येतें खरें. पण फळ्यावरील बाणांना कोणी अडवीत नाहीं. खेळाच्या इतिहासांत याहून वेगळा एक उपाय सांपडतो. तो असा कीं, उपदेश कमी करावा आणि सरावाच्या खेळाचे नियमच असे बदलावे कीं, हवी ती गोष्ट केल्यावांचून गड्यांचें चालूंच नये.

हा विचार महाराष्ट्राला परका नाहीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं खो-खोचे नियम बांधण्यासाठीं समिति नेमली. या खेळांत पाठलाग करणाऱ्यानें एकदां दिशा धरली कीं त्याला मागें वळतां येत नाहीं आणि मधली पट्टीही ओलांडतां येत नाहीं. पळणारा मात्र मोकळा! मग पाठलाग करणारा कितीही चपळ असो, त्याला बसलेल्या सोबत्यास वेळेवर खो द्यावाच लागतो. पट्टी ओलांडण्याची बंदी काढून टाका, म्हणजे तोच खेळ दोघांच्या धांवण्याची शर्यत होऊन बसेल. या एका निषेधानें नऊ जणांना एकत्र विचार करावयास लावलें आहे.

हेंच तत्त्व फुटबॉलमध्यें ज्यांनीं हेतुपुरस्सर राबविलें, त्या गृहस्थांची कथा आपल्याच जुन्या राज्यांतील आहे. आजचें छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होतें. त्या वर्षीं १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि पुढें १९६० मध्यें महाराष्ट्र झाला. या शहरांत १९२३ सालीं निघालेलें सरकारी कॉलेज उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखालीं वाढलें. त्याच विद्यापीठाचे एक पदवीधर सय्यद अब्दुल रहीम. त्यांचा जन्म १९०९ चा. पेशानें ते शाळामास्तर होते. पुढें हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे ते चिटणीस झाले आणि सारे लोक त्यांस 'रहीमसाहेब' म्हणूं लागले.

चिटणिसाच्या नात्यानें त्यांनीं शहरांत कांहीं विलक्षण स्पर्धा सुरू केल्या. एका स्पर्धेंत चेंडू पायांत खेळवीत एकट्यानें पुढें जाण्यास बंदी असे. दुसरींत गड्याला आपल्या दुबळ्या पायानेंच खेळावें लागे. तिसरी ठराविक उंचीच्या आंतील मुलांसाठींच असे. वरवर पाहतां या गमती वाटतात. पण त्यांचा परिणाम पाहा. चेंडू घेऊन पळतां येत नाहीं म्हटल्यावर तो तत्काळ दुसऱ्याकडे दिला पाहिजे. आणि तत्काळ द्यावयाचा तर येण्यापूर्वींच कोणाला द्यावयाचा हें पाहून ठेविलें पाहिजे. इकडे सोबत्यांनाही उभें राहून तमाशा पाहतां येत नाहीं. त्यांना मोकळ्या जागीं सरकावें लागतें. म्हणजे बंदी एका गड्याला घातली, पण हालचाल साऱ्या संघाची बदलली. दुबळ्या पायाच्या नियमामुळें डावीउजवी दोन्ही अंगें सारखीं कामास येऊं लागतात. उंचीच्या मर्यादेमुळें धिप्पाड मुलांपुढें मागें पडणाऱ्या लहान चणीच्या मुलांना आपलें कौशल्य दाखविण्याची संधि मिळते.

१९५० पासून रहीमसाहेब हैदराबाद सिटी पोलीस संघाचे शिक्षक झाले. मुंबईचें कूपरेज मैदान आणि तेथील १८९१ पासूनची रोव्हर्स चषकाची स्पर्धा जुन्या रसिकांस ठाऊक आहे. तो चषक या संघानें १९५० ते १९५४ असा ओळीनें पांच वेळां नेला. भारतीय संघाचेही ते गुरु होते. १९५१ मध्यें दिल्लीस आशियाई सुवर्णपदक मिळालें. १९५२ मध्यें हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें युगोस्लाव्हियानें आपला १०-१ असा धुव्वा उडविला. चारच वर्षांनीं, १९५६ मध्यें मेलबर्न येथें, आपण ऑस्ट्रेलियास ४-२ असें हरविलें. त्या सामन्यांत मुंबईच्या मैदानांवर खेळणारे गोमंतकीय नेव्हिल डिसूझा यांनीं तीन गोल केले. उपान्त्य फेरींत पुन्हां युगोस्लाव्हियाच समोर आला. या वेळीं पहिला गोल भारताचा होता. सामना ४-१ असा गमावला तरी भारत स्पर्धेंत चौथा आला. १९६२ मध्यें जाकार्ता येथें दक्षिण कोरियास २-१ असें नमवून पुन्हां सुवर्णपदक आलें, आणि पुढच्याच वर्षीं जून महिन्यांत कर्करोगानें रहीमसाहेब निवर्तले.

हें सारें यश त्या तीन स्पर्धांचेंच, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पोलीस खात्याच्या नोकरीनें गड्यांना स्थैर्य दिलें, आणि तुळशीदास बलराम यांच्यासारखी अस्सल प्रतिभा नियमांनीं घडत नसते. परंतु प्रतिभेला सहकार्याची संवय कशी लावावी, हें त्या मास्तरांनीं ओळखलें होतें.

रहीमसाहेबांच्या स्पर्धांत नियम बदलले. आजचे शिक्षक गड्यांची संख्या आणि मैदानाचा आकारही बदलतात. पूर्ण मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद धरलें, तर बावीस गड्यांत प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ३२५ चौरस मीटर जागा येते. ४० बाय २० मीटरच्या जागेंत पांचास पांच खेळविले, तर ती ८० चौरस मीटरवर येते. चेंडू वारंवार पायाशीं येतो आणि विचाराला उसंत उरत नाहीं. मैदान रुंद केलें कीं गडी पसरतात, लहान केलें कीं जवळ येतात. दोन टोकांस एकेकाऐवजीं दोन दोन लहान गोल ठेवले, तर एका बाजूस गर्दी होतांच चेंडू दुसऱ्या बाजूस फिरविण्याची बुद्धि आपोआप सुचते. ज्याच्याकडे चेंडू त्याच्याच बाजूनें खेळणारा एक तटस्थ गडी दिला, तर चेंडूवाला पक्ष जागा रुंदावावयास शिकतो आणि कमी पडलेला पक्ष एकमेकांस धरून बचाव करूं लागतो. गोलच काढून टाकले आणि केवळ चेंडू राखावयास सांगितलें, तर पुढें जाण्याची ओढ नाहींशी होते. गेल्या कांहीं दशकांत उपग्रहांच्या साह्यानें प्रत्येक गड्याची जागा क्षणोक्षणीं टिपतां येते. तेव्हां संघ किती पसरला, किती आवळला, हें आतां मोजूनही पाहतात.

मात्र प्रत्येक नियम कांहीं देतो तसें कांहीं हिरावूनही घेतो. लहान जागेंत दूरचा फटका आणि लांबची दौड शिकतां येत नाहीं. चेंडू खेळविण्याची बंदी वर्षभर ठेवली, तर एकट्यानें वाट फोडणारा कसबी गडी त्या संघांत निपजणार कसा? औषधाची मात्रा वैद्य रोग पाहून ठरवितो. शिक्षकानेंही संघाची उणीव पाहून नियम निवडावा, आणि उणीव भरून निघतांच तो मागें घ्यावा.

१९६२ नंतर आशियाई खेळांतील फुटबॉलचें सुवर्णपदक भारताला पुन्हां मिळालेलें नाहीं, आणि १९६० नंतर ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें आपला संघ पोंचलेला नाहीं. त्याचीं कारणें अनेक आहेत, आणि मैदानें पुरेशीं नाहींत ही तक्रारही रास्त आहे. परंतु आमखास मैदानासारखी प्रशस्त जागा प्रत्येक शाळेच्या नशिबीं नसते. बहुतेकांच्या वांट्यास लहानसें अंगणच येतें. त्या अंगणांत दहा मुलें, एक चेंडू, चार दगड आणि विचार करून निवडलेला एक नियम एवढ्यावर संघ घडविण्याचें काम सुरू होऊं शकतें. आपल्याच जुन्या राज्यांतील एका शाळामास्तरांनीं त्यांतला नियमाचा भाग पाऊणशें वर्षांपूर्वीं करून दाखविला आहे. उरलेलें काम आजच्या मास्तरांचें आहे.